एकतीस नंबरचं ‘येतो’

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज चाळीस डब्या चाळीस घरी गेल्या. मालक त्यांना ‘घडीचा फोन’ म्हणतात, पण कारखान्यात पहिल्या दिवसापासून सगळे डबीच म्हणतात आणि नाव एकदा पडलं की पडलं. उघडली की वर छोटा पडदा, खाली मोठाली बटणं. मिटली की टक्. फोटो नाही, सिनेमा नाही. लिहायचं, पाठवायचं, मिटायचं.

डबी माझ्या डोक्यातून निघाली, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुणी लिहिणार नाही. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान दोन वर्षांत पार गेले. फोनवर मी ‘जेवलात का’ विचारलं की ते ‘शिवलं की, कालच दिलं’ असं सांगायचे आणि मी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायचे. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं, कात्रीने बोटं आखडलेली, गुळगुळीत काचेवर त्यांना लिहिता येत नाही. म्हणून मोठी बटणं, आणि बाजूला एका दाबात जाणारे सहा तयार निरोप: पोचलो, जेवलो, ठीक आहे, उशीर होईल, फोन नको लिही, येतो.

मालक म्हणाले, “गाजराची पुंगी आहे बाई. वाजली तर वाजली.” मी म्हटलं, वाजणार. ८ मार्चला घाऊक विक्रीवाली बाई येणार आहे. तिने माल उचलला तर डबी बाजारात, नाहीतर साचे भंगारात. तोवर दर सोमवारी चाळीस जणांकडून पाच प्रश्नांची उत्तरं मागवायची, हे काम माझं. आमचा अभिप्राय विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि घरातली मागची खोली, जी सध्या खोक्यांनी छतापर्यंत भरली आहे.

एकतीस नंबरची डबी अण्णांना दिली. याला वशिला म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावं. ते इथून बसने दोन तासांवर, जुन्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. आई गेली तेव्हा मी विचारलं होतं, आमच्याकडे येता का. “मी माझ्या मशीनपासून हलणार नाही,” म्हणाले. आमच्या घराण्यात एकदा नाही म्हटलं की नाही. मी पुन्हा विचारून त्यांचा मान घालवला नाही, याचा मला अभिमान आहे.

सोमवार, ११ फेब्रुवारी

पहिल्या आठवड्याचे कागद आले. वाचताना चहा गार झाला, दोनदा.

सात नंबर, न्हावी: “बायकोशी भांडण झाल्यावर मिटायला मजा येते. काचेचा फोन असा मिटत नाही.” हे वाक्य जाहिरातीत घालायला हवं. बारा नंबर, दाताचा डॉक्टर: “जोडाक्षर काढताना दाढ काढल्यासारखं वाटतं.” बावीस नंबर ही शाळेची बस चालवणारी बाई. तिने पाचही प्रश्नांखाली एकच उत्तर लिहिलंय: “मी पोचलो नाही. मी पोचले.”

मी कपाळावर हात मारला. सहा निरोप मी स्वतः ठरवले, मी बाई, आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. अण्णांसाठी करत होते म्हणून तसं झालं. आमचे जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे स्क्रूकाका म्हणतात कारण त्यांच्या ओठांत कायम एक स्क्रू असतो, ते म्हणाले, “ताई, मागे एक खटका देतो. इकडे केला की पोचलो, तिकडे केला की पोचले.” अर्ध्या दिवसात करून दाखवलं. चूक कबूल केली की ती निम्मी सुटते, हे माझं मत पुन्हा खरं ठरलं.

एकतीस नंबरचा अभिप्राय: “बिजागरी घट्ट आहे. नव्या काजात बटण असंच अडतं. वापरून सैल होईल. बाकी फोन अंगाला बसतो.” काय माणूस आहे! चाळीसांत सगळ्यात नेमकं उत्तर आमच्या म्हाताऱ्याचं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

अण्णांचे निरोप नियमाने येतात. सकाळी: “ठीक आहे. येतो.” दुपारी: “जेवलो. येतो.” संध्याकाळी पुन्हा: “जेवलो. येतो.”

मला फार बरं वाटतं. जुन्या माणसांची रीत. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे लहानपणी त्यांनीच शिकवलं. आता दोन शब्द लिहिले तरी निरोप घेतल्याशिवाय डबी मिटत नाहीत. आजकालची माणसं बोलता बोलता मध्येच गायब होतात. मी नवऱ्याला कौतुकाने दाखवलं.

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट जरा लांब धरून बघायची सवय. म्हणाला, “येतो म्हणजे कुठे येतो?”

“कुठे म्हणजे? निरोप घेतायत.”

“दिवसातून तीनदा?”

“तू दुकानातून निघताना काय म्हणतोस? तेच.”

“मी दुकानात असतो म्हणून निघतो. ते कुठे निघालेत?”

याला शब्दाचा कीस काढणं म्हणतात. मी विषय मिटवला. टक्.

सोमवार, १८ फेब्रुवारी

डबीत एक छोटा मोजणारा आहे. काय लिहिलं ते त्याला कळत नाही, पण कुठलं तयार बटण किती वेळा दाबलं ते सांगतो. सगळ्यांना विचारून बसवलाय.

आकडे झकास आहेत. ‘येतो’ पहिल्या नंबरावर! मी मालकांच्या टेबलावर कागद आपटला. हे बटण ठेवू नका असं तेच म्हणाले होते. अर्थात ‘येतो’च्या एकूण दाबांत एकतीस नंबरचा वाटा मोठा, आठवड्यात सव्वीस वेळा, पण वापर तो वापर.

मात्र त्यांच्याच कागदावर तक्रार आहे: “येतो हे बटण चालत नाही.”

मी डबीवर विचारलं, “दाबलं जातं का?”

“जातं.”

“पडद्यावर ‘गेला’ असं दिसतं का?”

“दिसतं.”

“मग चालतंय की, अण्णा.”

मग आलं: “तुला दिसतं का?”

मी लिहिलं, मला व्यवस्थित दिसतं, रोज मिळतो, काळजी नको. त्यांनी ठीक आहे दाबलं. वय झालं की यंत्रावर विश्वास बसायला वेळ लागतो. सव्वीस वेळा दाबायचं आणि चालत नाही म्हणायचं, ही गंमतही मला त्यांना सांगावीशी वाटली, पण वडिलांना किती चिडवावं यालाही माप असतं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

सादरीकरणाला माणूस हवा. नुसत्या आकड्यांनी घाऊकवाली हलणार नाही. न्हाव्याचा मिटायचा किस्सा हसवेल, पण रडवणारा, निदान डोळे पुसायला लावणारा कोण? आंघोळ करताना सुचलं: एकतीस नंबर! वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू येत नाही, एकटे, आणि तरी कुणावर भार नाही. सकाळी ठीक, दुपारी जेवलो, संध्याकाळी येतो. मुलीला घोर नाही, बापाला मिंधेपण नाही. मी वेगळी फाइल केली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘ज्यांना आपल्याच घरी राहायचं आहे त्यांच्यासाठी’.

नवऱ्याने वाचलं. म्हणाला, “त्यांना राहायचंय का?”

“तीन वर्षांपूर्वी सांगितलंय त्यांनी.”

“तीन वर्षांत माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर दोनदा बदलतात.”

मी म्हटलं, माझे वडील म्हणजे काही भिंग नाहीत. तो हसला नाही. एरवी हसतो.

सोमवार, २५ फेब्रुवारी

एकतीस नंबर, आठवडा तिसरा. पाचही प्रश्न कोरे सोडून खाली एक ओळ: “येतोला उत्तर येत नाही.”

म्हणजे दोष असणारच. बहुतेक त्यांच्या डबीवर माझे निरोप उशिरा पडत असावेत. सादरीकरणाच्या माणसाची डबीच बिघडलेली निघाली तर नाचक्की. स्क्रूकाकांना सांगितलं, परवा सकाळच्या बसने जा, नवी बटणपट्टी घेऊन जा, बसवून या. खरं तर मीच जायला हवं होतं, महिन्याचा पहिला रविवार माझा तिकडचा असतो. फेब्रुवारीचा डब्या भरण्यात गेला. मार्चचाही जाणार असं दिसतं. अण्णांना तसं कळवलं. त्यांनी लिहिलं, “ठीक आहे.” मग, अर्थात, “येतो.”

बुधवार, २७ फेब्रुवारी

स्क्रूकाका चारला परत आले. स्क्रू ओठांत नव्हता, खिशात होता, म्हणजे गंभीर बोलणं.

“बटण शंभर टक्के ठीक आहे, ताई. निरोप तिकडून निघतो, इकडून गेलेला तिकडे पोचतो. मी समोर बसून बघितलं.”

“मग तक्रार कसली?”

“ते मी विचारलं. पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले, तुमच्या बाईंना विचारा.”

“झालं. आणि कसे आहेत?”

“बरे आहेत. चहा दिला. कप एकच होता बाहेर. आधी मी प्यालो, मग विसळून ते प्याले. बाकीचे कागदात गुंडाळलेत म्हणाले.”

“आवराआवर काढली असेल.”

“तसंच असेल. शिलाई मशीनही चादरीत गुंडाळून सुतळीने बांधून दाराशी ठेवलंय.”

मला आनंदच झाला. मशीनला शेवटी विश्रांती दिली तर! किती वर्षं सांगतेय, आता डोळ्यांना ताण देऊ नका. एकटा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सगळं घर स्वतः आवरतो, मशीन एकटा हलवतो, याहून मोठा पुरावा काय पाहिजे? मी लगेच फाइलमध्ये ‘घर नीटनेटकं, स्वतः आवरतात’ असं घातलं.

स्क्रूकाका उभेच होते. “ताई, मला वाटतं त्यांना...”

“काका, बटणपट्टी परत जमा केलीत का?”

केली म्हणाले आणि गेले. जरा तोडून बोलले का मी? पण आठ दिवस राहिलेत आणि माझ्या डोक्यावर चाळीस डब्या आहेत.

सोमवार, ४ मार्च

चौथ्या आठवड्याचे आकडे. सगळीकडे चढते. फक्त एकतीस नंबरचं ‘जेवलो’ खाली आलंय. पहिल्या आठवड्यात चौदा, आता सात. मी तक्त्यात लिहिलं: ‘अनावश्यक निरोप कमी, सफाई वाढली’.

रात्रीच्या जेवणात नवऱ्याला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. “चौदाचे सात म्हणजे दिवसातून एकदाच जेवतात?”

“एकदाच कळवतात.”

“तुला नक्की माहीत आहे?”

नक्की माहीत नव्हतं. मी तेव्हाच डबी उघडून विचारलं, “अण्णा, जेवलात का?” उत्तर: “दुपारी जेवलो.” मी: “आणि आता?” उत्तर: “एकट्यासाठी कोण चूल पेटवतं. भूकही नाही. येतो.”

वयाबरोबर भूक कमी होते, हे सगळेच सांगतात. पण खोटं कशाला लिहू, त्यानंतर मी दुसरी पोळी घेतली नाही. शुक्रवार झाला की शनिवारी जाऊन येईन. डबे घेऊन जाईन. नवरा ताट धुताना म्हणाला, “मागची खोली रिकामी करायला किती वेळ लागेल?” मी म्हटलं, कशाला, खोकी कुठे ठेवू? त्याने दुसरं ताट धुवायला घेतलं.

मंगळवार, ५ मार्च

आज डोकं चालायला लागलं. ‘येतोला उत्तर येत नाही.’ बरोबरच आहे! बटण नाहीच ना उत्तराचं! निघणाऱ्याने ‘येतो’ म्हटलं की उंबऱ्यातल्याने ‘या’ म्हणायचं असतं. ते आपण दिलंच नाही. माणूस दारात उभा राहून येतो, येतो म्हणतोय आणि आतून आवाज नाही. त्यांना तेच खटकत होतं. शिंपी माणूस, गिऱ्हाइकाशी चाळीस वर्षं रीतीने वागलेला. इतकं साधं, आणि मी बटणपट्टी पाठवली.

स्क्रूकाकांना सांगितलं, ‘फोन नको लिही’ काढा, त्याजागी ‘या’ घाला. त्यांनी ओठांतला स्क्रू काढला. म्हणाले, “मी बुधवारी हेच म्हणणार होतो, ताई. त्यांना ‘या’ म्हणा.”

“मग म्हणायचं ना!”

“म्हणत होतो,” म्हणाले आणि स्क्रू ओठांत धरून कामाला लागले. कल्पना दोघांना एकदम सुचते असं होतं कधी कधी. श्रेय मी वाटून घेईन.

गुरुवार, ७ मार्च

नवं बटण माझ्या डबीत बसलं. संध्याकाळी सहाला कारखान्याच्या पायऱ्या उतरताना अण्णांचं ‘येतो’ आलं. एका हातात उद्याचे तक्ते, दुसऱ्या हातात पिशवी, काखेत फाइल. अंगठ्याने दाबलं. या.

पहिलं ‘या’! मिटायच्या आत उत्तर आलं. नेहमीचं तयार बटण नाही, एकेक अक्षर शोधून लिहिलेलं:

“बरं.”

त्या आखडलेल्या बोटांनी हाताने लिहिलं. एवढंसं दोन अक्षरांचं, पण मी पायरीवर थांबून तीनदा वाचलं. बघा, माणसाला काय हवं असतं! नीट निरोप. उद्या हेच शेवटी दाखवायचं.

शुक्रवार, ८ मार्च

क्रमाने लिहिते, म्हणजे मलाही कळेल.

घाऊकवाली बाई बरोबर दहाला आली. साठीची, चष्मा साखळीला, बोलणं कमी. न्हाव्यावर हसली. पोचलो-पोचलेचा खटका तिने चार वेळा मागेपुढे केला आणि मान हलवली. मालकांनी मला टेबलाखालून अंगठा दाखवला. मग मी एकतीस नंबरची फाइल काढली. मी चांगलं बोलते आणि आज फारच चांगलं बोलत होते. म्हटलं, ऐकू न येणारा एक वृद्ध शिंपी, ज्याला आपलं घर सोडायचं नाही. माझी डबी उघडून तिच्यासमोर ठेवली, म्हणजे निरोप तिला स्वतः वाचता यावेत.

“येतो, येतो, येतो,” ती वाचत गेली. “हे रोज येतो म्हणतात?”

“निरोप घेतात. जुनी रीत.”

“आणि तुम्ही काल ‘या’ म्हणालात.”

“नवं बटण आहे. निरोपाला उत्तर.”

तेवढ्यात तिच्या हातातच डबी थरथरली. अकरा चाळीस. एकतीस नंबर: “पोचलो.”

मी म्हटलं, “बघा, बाजारातून घरी पोचले. न विचारता कळवतात. याला म्हणतात...”

डबी पुन्हा थरथरली, या खेपेला नवऱ्याच्या फोनवरून. बाईने चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, कारण तिला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

“अण्णा आलेत. टेम्पोतून. मशीन, चार गाठोडी, कपांचं खोकं. तू ‘या’ म्हणालीस म्हणतायत. मी आत घेतोय. आज माझी सुट्टी आहे ते बरं.”

मी तक्त्याकडे बघत होते. ‘ज्यांना आपल्याच घरी राहायचं आहे.’ सव्वीस वेळा एका आठवड्यात. चौदाचे सात. दाराशी बांधून ठेवलेलं मशीन, एकच कप. सगळं मीच नोंदवलं होतं, माझ्याच अक्षरात.

मालक सावरायला गेले. “तांत्रिक गैरसमज आहे, दोन अर्थांचा शब्द, आपण बदलू...”

“शब्दात काही दोष नाही,” मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. “ते महिनाभर मला सांगत होते, येतो. मला वाटलं निरोप घेतायत. मीच चुकीचं वाचलं. फाइलमध्ये जे लिहिलंय ते खरं नाही.”

बाईने डबी मिटली. टक् झालं ते आज नको वाटलं. ती माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “तुम्ही घरी जा. बटणांचं मी यांच्याशी बोलते.”

मी गेले. मालकांची परवानगीसुद्धा घेतली नाही.

मागच्या खोलीतली खोकी बाहेरच्या खोलीत रचलेली होती आणि नवरा घामाघूम. अण्णा खाटेच्या कडेला बसले होते, बाहेरचे कपडे, बूट पायात. केवढे वाळलेत! मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. मला बघून उठायला गेले, पाहुणा उठतो तसे. मी त्यांना खाली बसवलं आणि बूट काढले. भात, आमटी, दोन वाट्या दही जेवले. दोनदा वाढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा आला, पाण्याचा तांब्या भरला आणि ‘मी म्हटलं होतं’ असं अजिबात न म्हणता गेला. त्याचंही जन्मभर ऋण राहील.

रविवार, १० मार्च

काल मालकांचा निरोप आला. बाईने चारशे डब्या उचलल्या. ‘येतो’ आणि ‘या’ दोन्ही राहू द्या, म्हणाली, फक्त छापील पुस्तिकेत लिहा की उत्तर देणाऱ्याने आधी विचार करावा. मालक खूश आहेत. मीही आहे, आणि आहे हे लपवत नाही. डबी चांगलीच आहे. वाचणारी कच्ची निघाली.

पण एक गोष्ट दोन दिवस आत टोचत होती. अण्णांना वाटतंय मी त्यांना बोलावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “मुलीने ‘या’ म्हटलं. मग काय करतो? आलो.” शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. असा खोटा मान मला पचत नाही. चूक कबूल केली की निम्मी सुटते असं मीच लिहिलंय. उरलेल्या निम्मीचं काय, ते लिहिलं नव्हतं.

आज दुपारी ते मागच्या खोलीत गाठोडं सोडत होते. कात्र्या, टेप, खडूची डबी, आईचा एक फोटो. मी समोर बसले, डबी उघडली आणि लिहिलं. तयार बटण नव्हतं, सगळं अक्षर अक्षर.

“अण्णा, ते ‘या’ मी निरोप म्हणून दिलं होतं. तुम्ही येताय हे मला कळलं नव्हतं. एवढे दिवस कळलं नाही.”

आणि डबी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. मग हसले. खोकला येईपर्यंत हसले.

“अगं, चाळीस वर्षं दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाइकांना ‘या’ म्हणत आलो. निरोपाचं ‘या’ कुठलं आणि बोलावण्याचं कुठलं, हे मला कळत नाही होय?”

मी डबी ओढून घेतली. मग लिहिलं, “मग आलात कसे?”

ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात, पण हे ते हळू बोलले, मला वाकावं लागलं. “मीच ‘नाही’ म्हणून बसलो होतो. आता कुठल्या तोंडाने म्हणू, मला ने? म्हटलं, येतो येतो म्हणत राहावं, कधीतरी तुझ्या तोंडून चुकून ‘या’ निघेल. निघालं. टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.” फोटो कापडाने पुसत ते पुढे म्हणाले, “तू परत घेशील म्हणून मी ‘बरं’ लिहून लगेच फोन मिटून टाकला.”

मी डबी परत घेतली. सहा तयार निरोपांत हवा तो शब्द नव्हता. दोनच अक्षरं, पण बोटं तिसऱ्या खेपेला बरोबर पडली.

“राहा.”

त्यांनी तो पडदा जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला. डबी मिटून खिशात ठेवली, माझीच होती तरी. आणि मान वळवून खोलीभर नजर फिरवत म्हणाले, “मग ते मशीन खिडकीपाशी घे. इथे उजेड नाही.”